धनुष्य निवडण्याआधी रानडुक्कर समजून घ्या

तिरंदाजीची आवड असलेल्या आणि शेताशी नाते असलेल्या माणसाच्या मनात कधी ना कधी एक प्रश्न येतोच: मोठे रानडुक्कर पाडायचे तर पारंपरिक धनुष्य किती पौंडाचे हवे? देवळाली कॅम्पच्या आसपास, भगूर, लहवित, वडनेर, दारणेच्या काठचा ऊस, पलीकडे इगतपुरी-त्र्यंबकची भातखाचरे असा मुलूख असल्यावर हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. त्याचे उत्तर बहुतेक वेळा एका आकड्यात दिले जाते. कोणी 45 म्हणतो, कोणी 50, कोणी 60. माझ्या मते प्रश्नाची सुरुवातच चुकीच्या टोकाला होते. धनुष्य हा हिशेबातला शेवटचा आकडा आहे. आधी प्राण्याचे शरीर, मग त्या शरीरात शिरणारा बाण, मग तो बाण नेमका टाकू शकणारा हात, आणि या सगळ्यानंतर धनुष्य. हा क्रम प्रामाणिकपणे पाळला तर देवळालीत राहणाऱ्या माणसाने कोणते धनुष्य घ्यावे याचे उत्तर मिळते, आणि ते रानडुकरासाठीच्या धनुष्यापेक्षा बरेच वेगळे निघते. एक गोष्ट आधीच सांगतो. महाराष्ट्रात वनखात्याच्या परवानगीशिवाय रानडुकराची शिकार करणे गुन्हा आहे. त्यामुळे पुढचे आकडे हे शेतात उतरायचे आमंत्रण नाही. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये किंवा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये, जिथे बाहेरून आणलेली डुकरे रानटी होऊन पसरली आहेत आणि जमीनमालकाच्या संमतीने त्यांची शिकार कायदेशीर आहे, तिथे राहणाऱ्या मराठी वाचकाला ते थेट उपयोगी पडतील. इथल्या वाचकाला ते आपल्या मनातल्या बेताची परीक्षा घ्यायला उपयोगी पडतील.

रानडुकराची बांधणी बाण अडवण्यासाठीच झाली असावी असे वाटण्याजोगी आहे. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोच्या पुढे जातो. वयात आलेल्या नराच्या दोन्ही फऱ्यांवर, कातडीखाली, चिवट तंतूंचा जाड थर तयार होतो. शिकारी त्याला ढालच म्हणतात, कारण नरांच्या झुंजीत प्रतिस्पर्ध्याच्या सुळ्यांपासून तो थर छातीचे रक्षण करतो. वय वाढते तसा तो जाड आणि टणक होतो. त्यावर राठ केस, आणि त्या केसांत चिखलात लोळून बसलेला वाळका गारा. त्या गाऱ्यातली वाळू पात्याची धार आत शिरण्याआधीच मारते. या ढालीच्या मागे हृदय आणि फुप्फुसे दडलेली असतात. हरणाच्या शरीरावरून अंदाज बांधणारा इथे हमखास चुकतो. डुकराची फुप्फुसे बरीच पुढे असतात आणि हृदय खाली, जवळजवळ पुढच्या पायाच्या कोपराच्या पातळीवर. हरणाच्या सवयीने फऱ्याच्या मागे वीतभर जागा सोडून मारलेला बाण डुकराच्या पोटात जातो. पोटात बाण लागलेले डुक्कर लगेच मरत नाही. ते जाळीत किंवा उसात शिरते आणि तासन्तास जिवंत राहते. आणखी एक अडचण आहे. कातडीखालची चरबी जखमेचे तोंड बुजवते, रक्त केसांतच जिरते, जमिनीवर माग फार थोडा पडतो. म्हणजे चुकीची जागा, अपुरी खोली आणि न मिळणारा माग या तिन्ही गोष्टी एकाच प्राण्यात एकत्र येतात. सामान निवडायचे ते या तिन्हींना पुरून उरेल असे निवडावे लागते.

म्हणून आधी बाण. गोळी आघाताने ऊती फाडते, बाण फक्त कापतो. त्याला दोन्ही फुप्फुसे कापून शक्यतो पलीकडून बाहेर पडावे लागते, तेव्हाच जनावर लवकर पडते आणि पलीकडच्या छिद्रातून रक्ताचा माग मिळतो. इथे बाणाचे वजन निर्णायक ठरते. साधा हिशेब करून पाहू. 50 पौंडाच्या पारंपरिक धनुष्यातून 400 ग्रेनचा, म्हणजे सुमारे 26 ग्रॅमचा बाण ढोबळमानाने सेकंदाला 56 मीटर वेगाने सुटतो. त्याच धनुष्यातून 600 ग्रेनचा, म्हणजे सुमारे 39 ग्रॅमचा बाण 48 मीटरच्या आसपास जातो. हलक्या बाणाची ऊर्जा 41 जूल, जडाची 45. फरक फार नाही. पण संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, हलक्याचा 1.46 आणि जडाचा 1.87 येतो. सव्वापटीहून जास्त. ढालीत आणि हाडात शिरताना बाणाला मागून रेटणारे कोणी नसते, सोबत आणलेला संवेग संपला की तो थांबतो. भाल्याची गोष्ट निराळी होती. इंग्रजी अमदानीत डुकराची शिकार घोड्यावरून भाल्याने होई. इंग्रज लष्करी अधिकारी बेडन-पॉवेल यांनी 1889 मध्ये त्यावर आख्खे पुस्तक लिहिले. भाल्यामागे घोड्याचा आणि माणसाचा भार शेवटपर्यंत असायचा. बाणामागे असा भार नसतो, म्हणून तो स्वतःच जड असावा लागतो. एड ॲशबी यांनी 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये बाणाच्या शिरकावाच्या चाचण्या सुरू केल्या. त्यांचाही कौल जड, न मोडणाऱ्या आणि पुढच्या टोकाला भार असलेल्या बाणाच्या बाजूने आहे. मोठे हाड फोडायचे असेल तर त्यांनी 650 ग्रेनचा उंबरठा सांगितला. मोठ्या डुकरासाठी 600 ते 650 ग्रेन ही मर्यादा मला योग्य वाटते. टोकाला दोन धारांचे, जाड पोलादी, न उघडझाप करणारे पाते हवे. आघातानंतर उघडणारी पाती उघडण्यातच ऊर्जा खर्च करतात, आणि पारंपरिक धनुष्याकडे उधळायला ऊर्जा नसते. पात्याची धार अशी हवी की हातावरचे केस सहज निघावेत. बोथट पाते रक्तवाहिनीला बाजूला सारून पुढे जाते, धारदार पाते तिला कापते. शंभर किलोच्या प्राण्याच्या बाबतीत जीवन-मरणाचा फरक बहुतेक वेळा एवढाच असतो.

जड बाणाची किंमत चुकवावी लागते ती अंतरात. 15 मीटरवर हलका बाण सुमारे 35 सेंटिमीटर खाली येतो, जड बाण 48. 30 मीटरवर हाच फरक अर्ध्या मीटरवर जातो. याहून महत्त्वाची गोष्ट अंतराच्या अंदाजाची. जनावर 15 मीटरवर आहे असे समजून जड बाण सोडला आणि ते प्रत्यक्षात 18 वर असले, तर बाण अकरा-बारा सेंटिमीटर खाली लागतो. 25 समजून सोडला आणि ते 30 वर निघाले, तर तो एक फूट खाली जातो. डुकराच्या छातीतली मर्माची जागा जेमतेम वीतभर. म्हणजे 15 मीटरवर तीन मीटरांची चूक कशीबशी खपते, 25 वर पाच मीटरांची चूक म्हणजे मोडलेला पाय किंवा रिकामा बाण. आता यात अंधार मिसळा, कारण डुक्कर शेतात येते ते रात्री. अंधारात अंतराचा अंदाज जास्तच चुकतो, आणि डुक्कर नाक जमिनीला लावून सतत हलत असते. त्यामुळे पारंपरिक धनुष्याने डुकरावर बाण टाकण्याचे अंतर 15 मीटर, फार तर 18. प्राणी पूर्ण आडवा उभा किंवा किंचित पलीकडे वळलेला हवा, म्हणजे बाण ढालीच्या मागच्या कडेने आत शिरतो. समोरून येणाऱ्या, शेपटीकडून दिसणाऱ्या किंवा कळपात एकमेकांना झाकणाऱ्या डुकरावर बाण टाकू नये. या अटी पाळायच्या म्हटल्या तर दहा वेळांतल्या नऊ वेळा धनुष्य न ओढताच परतावे लागेल. ज्याला हे मान्य नाही त्याच्यासाठी हे हत्यार नाही.

आता कुठे धनुष्याची पाळी येते. 600 ग्रेनचा बाण पुरेशा वेगाने टाकायला प्रत्यक्ष ओढीत 50 पौंडांच्या आसपास वजन हवे. मध्यम डुकरासाठी 45 चालून जाईल, मोठ्या नरासाठी 50 ते 55 बरे. यात 'प्रत्यक्ष ओढीत' हे शब्द महत्त्वाचे आहेत, आणि बाजारात याच जागी सर्वांत जास्त फसगत होते. धनुष्यावर लिहिलेले वजन 28 इंच ओढीला मोजलेले असते. आपली ओढ किती हे काढायला दोन्ही हात पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंतचे इंच मोजावेत आणि त्याला अडीचने भागावे. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचा पसारा साधारण 65 इंच भरतो, म्हणजे ओढ 26. प्रत्येक कमी इंचाला दोन ते तीन पौंड घटतात. 50 चे धनुष्य अशा माणसाच्या हातात 45 चेच राहते. आपल्याकडच्या बऱ्याच जणांची ओढ 26-27 इंचांची असते, आणि परदेशी लेखांतले आकडे वाचून ते धनुष्य मागवतात तेव्हा हा हिशेब सुटतो. ओढ कमी म्हणून 60 चे धनुष्य घ्यावे, हा त्यावरचा सोपा वाटणारा उपाय मात्र दुखण्यापेक्षा वाईट आहे. पारंपरिक धनुष्यात पूर्ण ओढीला संपूर्ण वजन बोटांवर असते. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी 2023 मध्ये बर्लिनला जागतिक विजेतेपद मिळवले ते कंपाउंड धनुष्यावर. त्यातल्या चाकांमुळे पूर्ण ओढीला वजनाचा मोठा भाग उतरतो आणि नेमबाज थोडा थांबू शकतो. साध्या लाँगबोला किंवा रिकर्व्हला ही सोय नाही. 

न पेलणारे वजन ओढणाऱ्या माणसाचा खांदा उचलला जातो, ओढ एक-दोन इंच आधीच थांबते आणि बोटे घाईने सुटतात. त्यामुळे वजनातून मिळवलेले सगळे ओढीत आणि नेमात परत जाते. आपल्याला वजन झेपते का याची कसोटी साधी आहे. पूर्ण ओढून पाच-सहा सेकंद हात न थरथरता धरता यावे. तीस बाण टाकल्यावर शेवटच्या सहा बाणांचा पुंजका पहिल्या सहांइतकाच घट्ट राहावा. बसूनही धनुष्य ओढता यावे. नियमित सराव करणाऱ्या निरोगी प्रौढाला 28-30 पौंडांपासून 50 पर्यंत असे चढायला साधारण दोन-तीन वर्षे लागतात. घाई केली तर खांद्याच्या स्नायूंचे दुखणे कायमचे मागे लागते. बाणाचा ताठपणाही या वजनाशी जुळवावा लागतो. टोकाला भार वाढवला की बाण सुटताना जास्त वाकतो. तेव्हा जड पाते लावायचे तर दांडा अधिक ताठ हवा, नाहीतर बाण शेपूट हलवत जातो आणि तिरका लागतो. तिरका लागलेला बाण ढालीत अर्धाही शिरत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो. आपल्या भिल्ल, कोकणा, महादेव कोळी, वारली पूर्वजांनी बांबूच्या तिरकमठ्याने डुकरे मारली, त्यांना कुठे माहीत होते ग्रेन आणि जूल? आक्षेप आदराने ऐकण्यासारखा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चुकतो. भिल्लांच्या धनुष्यात बांबूच्याच सालीची दोरी असते आणि साध्या साहित्यातून त्यांनी जे साधले ते थक्क करणारे आहे. पण तिथे धनुष्य एकटे कधीच काम करत नव्हते. हाकारे घालून रान उठवणारी माणसे होती, कुत्री होती, वाटा अडवणारे होते, जखमी जनावर गाठून भाल्याने-कुऱ्हाडीने संपवणारे होते, आणि लहानपणापासून माग काढत आलेली नजर होती. बाण हा त्या सामुदायिक कामातला एक टप्पा होता. त्यातला फक्त तिरकमठा उचलून एकट्या माणसाने रात्री शेतात बसायचे ठरवले तर त्या परंपरेतले काहीच त्याच्या हाती येत नाही. शिवाय ती परंपराही आज कायद्याच्या चौकटीत आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींना कसण्याचे, गौण वनोपजाचे आणि इतर अनेक हक्क दिले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्ट शब्दांत वगळला. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरच्या माणसाला जी मुभा नाही ती देवळालीच्या बंगल्यातल्या हौशी माणसाला परंपरेच्या नावाने मिळू शकत नाही.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्यावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. कलम 9 नुसार त्याची शिकार निषिद्ध आहे, आणि 'शिकार' या शब्दात मारण्याबरोबर पकडणे, फासा लावणे, हाकून आणणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम 11 मध्ये अपवाद आहे. प्राणी माणसांना किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना प्राणी मेला तर तो गुन्हा नाही, मात्र मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो. परवानगी मिळाली म्हणजे धनुष्य वापरता येईल असे आपोआप धरू नये. परवानगीच्या अटी शब्दशः वाचाव्यात आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडून खात्री करून घ्यावी. धनुष्याबद्दल कायदे कडक असणे ही आपलीच तऱ्हा आहे असेही नाही. लाँगबोचा अभिमान बाळगणाऱ्या ब्रिटनमध्येही 1981 च्या कायद्याने धनुष्याने वन्यप्राणी मारायला बंदी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो शेतकऱ्याचा आहे. एका रात्रीत मक्याचे किंवा भुईमुगाचे शेत उकरून टाकणाऱ्या प्राण्याला कायद्याने संरक्षण का? माधव गाडगीळांसारख्या ज्येष्ठ पर्यावरणतज्ज्ञांनीही वन्यजीव कायद्याच्या या बाजूवर कठोर टीका केली आणि रानडुकरांच्या नियंत्रित शिकारीला मुभा असावी असे जाहीरपणे मांडले. त्या मांडणीत तथ्य आहे असे मला वाटते. पिकाचे नुकसान सोसण्याचा भार गरीब शेतकऱ्यावर टाकून शहराने निसर्गप्रेम मिरवावे हे अन्यायाचे आहे. पण उद्या कायदा बदलला, सर्रास परवानग्या मिळू लागल्या, तरी धनुष्य हे पीक वाचवण्याचे साधन ठरत नाही. आकड्यांनी जे दाखवले ते कायद्यावर अवलंबून नाही. 15 मीटरांची मर्यादा, दिवसाचा उजेड, आडवा उभा प्राणी, 50 पौंड पेलणारा कसलेला हात, हे सगळे रात्री उसाच्या बांधावर एकत्र मिळत नाही. आणि चुकीचा बाण लागलेले डुक्कर तिथेच, त्याच उसात दडते. सकाळी पाणी धरायला जाणारी बाई किंवा ऊसतोडीला आलेला मजूर त्याच्यासमोर येतो. जखमी नर समोरच्यावर धावून जातो, आणि त्याच्या सुळ्यांची उंची माणसाच्या मांडीच्या पातळीला असते. नाशिक परिसरात उसात बिबट्याही असतो. अंधारात जनावर नक्की ओळखल्याशिवाय सोडलेला बाण कोणाला लागेल हे सांगता येत नाही.

शेत वाचवायचे असेल तर पैसा आणि मेहनत कुंपणात घालावी. डुक्कर उडी मारण्यापेक्षा खालून घुसते, म्हणून कुंपणाची खरी लढाई जमिनीलगतच्या दोन फुटांत असते. सौर कुंपणाची सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर आणि दुसरी साधारण दीड फुटावर हवी. पावसाळ्यात तारेखालचे गवत आठवड्याला काढले नाही तर झटका गवतातून जमिनीत जातो आणि कुंपण असून नसल्यासारखे होते. जाळीचे कुंपण असेल तर फूटभर जमिनीत गाडावे. करडईचा काटेरी पट्टा बांधावर लावल्यानेही काही प्रमाणात फरक पडतो. जुन्या साड्यांचे कुंपण, फटाके, आवाजाची यंत्रे यांना डुकरे काही दिवसांत सरावतात, म्हणून ती आलटून-पालटून वापरावीत. घरच्या विजेचा प्रवाह थेट तारेत सोडणे, गावठी बॉम्ब, क्लच वायरचे फासे या गोष्टींना हातही लावू नये. त्यात माणसे मरतात, गुरे मरतात, बिबटे अडकतात, आणि मग शेतकऱ्यावरच गुन्हा दाखल होतो. नुकसान झाले की दिवस न घालवता फोटो काढून वनखात्याला कळवावे. 1926 हा वनविभागाचा टोल-फ्री क्रमांक आहे. पंचनामा होईपर्यंत शेत नांगरू नये.

मग देवळाली कॅम्पमध्ये पारंपरिक धनुष्य घ्यायचेच नाही का? जरूर घ्यावे, आणि डुकरावरच बाण टाकावेत, फक्त ते डुक्कर फोमचे असावे. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांतला थ्री-डी हा प्रकार नेमका यासाठी आहे. रानातल्या वाटेवर प्राण्यांच्या आकाराची चोवीस लक्ष्ये, अंतर न सांगितलेले, लाँगबो आणि बेअरबोसाठी 30 मीटरपर्यंत. मर्माच्या जागेला 11 आणि 10 गुण, नुसत्या शरीराला 5. वर सांगितलेली सगळी परीक्षा, अंतराचा अंदाज, शरीररचनेची जाण, न झेपणारा बाण न टाकण्याचा संयम, यात येते. आणि चुकीची शिक्षा गुणांत होते, कोणाच्या पोटात नाही. फोमचे तयार लक्ष्य महाग वाटले तर जुन्या गाद्यांचा फोम आणि पुठ्ठ्याचे थर घट्ट आवळून त्यावर खऱ्या मापाचे डुक्कर रंगवावे. फुप्फुसांची जागा पुढच्या पायाच्या वर, कोपराच्या ओळीत काढावी. असे महिनाभर बाण टाकले की मर्माची जागा किती लहान आणि किती पुढे आहे हे आकड्यांपेक्षा लवकर कळते.

यासाठी सुरुवातीला 66 किंवा 68 इंच लांबीचे, भुजा सुट्या होणारे लाकडी मुठीचे रिकर्व्ह घ्यावे, प्रत्यक्ष ओढीत 25 ते 30 पौंडांचे. मूठ तीच ठेवून वर्षभराने 35 च्या आणि पुढे 40 च्या भुजा घेता येतात, म्हणजे एकदा केलेला खर्च वाया जात नाही. फोमला 40 पौंड भरपूर झाले. लहान लांबीची, घोडेस्वारांच्या धर्तीची धनुष्ये दिसायला देखणी असतात, पण पूर्ण ओढीला दोरीचा कोन बोटांना चिमटा काढतो. नवशिक्याने त्यांच्या नादी लागू नये. ज्याला बांबूचेच हवे त्याने आवर्जून घ्यावे, आपल्याकडे बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड खेळला जातो आणि शाळकरी मुलांची सुरुवात बहुधा तिथेच होते. ते घेताना बांबू किमान तीन वर्षांचा, हिवाळ्यात तोडलेला आणि सावलीत वाळवलेला आहे का हे विचारावे. जवळजवळ भरीव असलेली मानवेल यासाठी चांगली. हिरव्या सालीची बाजू लक्ष्याकडे असावी, दोन्ही भुजा सारख्या वाकाव्यात आणि पेरांच्या सांध्यांवर केसासारखीही चीर नसावी. बाण धनुष्याच्या दर पौंडाला नऊ-दहा ग्रेन या हिशेबाने घ्यावेत. याहून बराच हलका बाण म्हणजे जवळजवळ रिकामी दोरी सोडणे, आणि त्याने भुजा तडकतात. अग्रबाहूचा कातडी पट्टा आणि बोटांचे कवच पहिल्या दिवसापासून हवे.

जागा निवडताना देवळालीत विशेष काळजी लागते. बंगल्यांची आवारे मोठी आणि झाडीची असली तरी 30 पौंडाच्या धनुष्यातून चुकून वर गेलेला बाण शंभर मीटरांपलीकडे सहज जातो, म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात किंवा रस्त्यावर. लक्ष्यामागे माणसाच्या उंचीपेक्षा वर जाणारा मातीचा बांध नसेल तर तिथे बाण टाकू नये. कॅम्पला लागून तोफखान्याची सरावक्षेत्रे आहेत. मोकळे रान दिसले म्हणून त्यात शिरणे बेकायदा तर आहेच, न फुटलेल्या गोळ्यांमुळे जिवावर बेतणारेही आहे. सर्वांत बरे म्हणजे प्रशिक्षक आणि मैदान असलेल्या ठिकाणी जावे आणि पहिले सहा महिने तिथलेच धनुष्य वापरून आपली ओढ व वजन ठरवावे, मग खरेदी करावी. घरी आणल्यावर सराव संपला की दोरी उतरवून ठेवावी, दोरीला मेण लावत राहावे. मे महिन्यात बंद गाडीत धनुष्य ठेवू नये, उष्णतेने थरांमधला गोंद सुटतो. पावसाळ्यात पिसे भिजली तर केटलीच्या वाफेवर धरून पुन्हा उभी करता येतात. बांबूचे धनुष्य मात्र जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत जास्त वेळ ओढून धरू नये. ते एकदा वाकून बसले की पुन्हा सरळ होत नाही.